नागपूरची पृथ्वी मोठी का आली?

"ताई, आमचं पाणी ९६ लाच उकळलं."

पाचगणीची मुलगी हे म्हणाली तेव्हा माझ्या लॅपटॉपवर सात स्वयंपाकघरं उघडी होती. कुठे गॅसच्या शेगडीवर पातेलं, कुठे इंडक्शनवर टोप. प्रत्येक भांड्यात दोऱ्याने टांगलेला काचेचा थर्मामीटर, आणि प्रत्येक शेगडीपाशी आई, बाबा नाहीतर आजी. शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या आमच्या ऑनलाइन विज्ञानवर्गाचा तो पहिला नियम आहे: विस्तव असेल तर शेजारी मोठं माणूस हवंच. अलिबागजवळच्या गावातून १०० चा आकडा आला होता. सावंतवाडीचा पाराही शंभराला टेकला होता. नाशिकची मुलगी "अजून बुडबुडे बारीक आहेत" म्हणत थांबली होती. पाचगणीला मात्र पाणी खदखदत होतं आणि पारा ९६ च्या पुढे सरकायला तयार नव्हता.

मी म्हणाले, "थर्मामीटर बिघडला असेल गं. दुसरा आहे का घरात?"

ती गप्प झाली. ती आणि तिचा भाऊ जुळे आहेत, अकरा वर्षांचे. भावाने थर्मामीटर वर काढला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला, पुसला आणि पुन्हा पाण्यात सोडला. तळाला टेकू नये म्हणून दोरा बोटाला गुंडाळून धरला. पुन्हा ९६. मग त्याने कॅमेऱ्याकडे बघत म्हटलं, "हो ताई, बिघडला असेल."

त्या "हो ताई"ने मला रात्री झोप लागू दिली नाही. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. साधारण दर ३०० मीटर चढलं की एक अंश कमी होतो. हिशेब करायला अर्धं मिनिटही लागत नाही: ९६ च्या आसपासच यायला हवं. मुलांनी बरोबर वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं. आणि बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या मी त्यांना त्यांचं साधन खोटं आहे असं सांगितलं.

अंथरुणात पडल्यापडल्या त्याच्याही मागचं आठवत गेलं. माझी शाळा पुण्यातली. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणजे तिथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी हा प्रयोग व्हायचा आणि दर वर्षी पारा ९८ वर थांबायचा. मी तो डोळ्यांनी बघितलेला आहे. एखादं मूल विचारायचं, "बाई, ९८ लिहू का?" मी म्हणायचे, "थर्मामीटर जुने आहेत, १०० लिहा." आणि चाळीस जर्नलांमध्ये 'निरीक्षण' या शब्दाखाली १०० लिहिलं जायचं. त्याखाली मी लाल शाईने सही करायचे. किती वर्गांच्या किती जर्नलांवर ती सही असेल, याचा हिशेब मला लावता येत नाही. ज्या मुलांनी ९८ पाहिलं आणि १०० लिहिलं, ती त्या दिवशी काय शिकली असतील, हा प्रश्न मला अजूनही टोचतो.

पुढच्या वर्गात मी आधी त्या दोघांची माफी मागितली. मग प्रत्येकाला आपापल्या गावाची उंची शोधायला लावली आणि तक्ता केला. अलिबाग १००, सावंतवाडी १००, नागपूर ९९, नाशिक ९८, माझं पुणं ९८, पाचगणी ९६. आलेख कागदावर बिंदू मांडले तेव्हा बाकी सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसले होते. पाचगणीचा बिंदू लांब खाली एकटा होता, आणि त्याच्यामुळेच रेघ कुठे चाललीय ते दिसत होतं. तो बिंदू मी 'बिघडलेला' म्हणून खोडला असता तर उरलेल्यांवरून काहीच सांगता आलं नसतं. मुलगी म्हणाली, "म्हणजे आमचाच सगळ्यात कामाचा." मी म्हटलं, "हो गं, तुमचाच."

शाळेतून बाहेर पडल्यावर मी हा वर्ग सुरू केला. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा. मुलं अकरा ते तेरा वर्षांची. शाळेत असती तर सहावी ते आठवीत असती, पण ही शाळेत जात नाहीत. त्यांच्या आईवडिलांनी होमस्कूलिंगचा रस्ता घेतलाय, प्रत्येकाने वेगळ्या कारणाने. सावंतवाडीच्या मुलाचं घर मुंबईहून गावी परतलं आणि काजू-कोकमाच्या बागेत रमलं. नागपूरचा मुलगा शाळेत रोज आजारी पडायचा आणि घरी ठणठणीत असायचा, तेव्हा त्याच्या आईने एक वर्ष घरी ठेवून बघू म्हटलं. त्या एका वर्षाची आता चार झाली. पुण्यातल्या दोन मैत्रिणी आहेत, त्या एकाच घरातून एकाच टॅबवर बसतात. आणि एक मेलबर्नचा मुलगा आहे. त्याची आजी सदाशिव पेठेतली, मराठी सुटू नये म्हणून तिने त्याला माझ्याकडे धाडला.

लोक मला विचारतात, हे कायद्याला धरून आहे का? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याची जबाबदारी त्याने सरकारवर टाकली. होमस्कूलिंगचा त्यात वेगळा उल्लेख नाही. हे पालक त्या अधांतरी जागेत राहतात आणि त्याची काळजीही करतात. चौदा पूर्ण झाली की बहुतेक जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे, म्हणजे सगळे म्हणतात त्या एनआयओएसतर्फे दहावीला बसतात. तिथे विज्ञानाला प्रात्यक्षिक परीक्षाही असते. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईचा पहिला प्रश्न एकच: भाषा, गणित, इतिहास आम्ही घरी बघू हो, पण प्रयोगशाळेचं काय करायचं?

पहिलं वर्षभर माझं याला उत्तर होतं, "मी दाखवीन." मी टेबलावर कॅमेरा टांगला, चांगला दिवा घेतला, प्रयोग करून दाखवायला लागले. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी, त्यात लिंबू पिळलं की गुलाबी, सोडा टाकला की हिरवं. मुलं "वाॅव" म्हणायची. माझ्याकडे प्रयोग कधीच फसायचा नाही, कारण मी तो आदल्या रात्री दोनदा करून बघितलेला असायचा. मग एकदा अलिबागची मुलगी म्हणाली, "ताई, हे तर यूट्यूबवर पण आहे. आणि तिथे थांबवून परत बघता येतं."

ती अगदी सहज म्हणाली. मला त्याचं उत्तर शोधायला बरेच महिने लागले. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओपेक्षा माझ्या वर्गात जास्तीचं काय आहे? मी नाही. दिवा नाही. जास्तीची आहेत ती ही वेगवेगळ्या गावांतली घरं, एकाच वेळी उघडी असलेली. शाळेच्या प्रयोगशाळेत चाळीस मुलं असतात, पण पाणी एकाच नळाचं, हवा एकाच उंचीवरची, ऊन एकाच खिडकीतलं. तिथे सगळ्यांचं उत्तर सारखंच यायला हवं असतं आणि नाही आलं तर शेजारच्याचं बघून सारखं करता येतं. माझ्या मुलांना ते करताच येत नाही. पाचगणीच्या मुलाने अलिबागच्या मुलीचं बघून लिहिलं तर ते धडधडीत खोटं ठरतं.

म्हणून आता मी प्रयोग करून दाखवत नाही. कुरिअरने एक खोका जातो: थर्मामीटर, भिंग, दोरा, फुगे, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, कागदी सूक्ष्मदर्शक. व्हॉल्व्हच्या नळीची आणि काडेपेटीतल्या काड्यांची किमया अरविंद गुप्तांनी इथल्या कितीतरी शिक्षकांना शिकवली. मी त्यांची खेळणी आधी पुण्याच्या आयुकात, त्या खगोलशास्त्राच्या संस्थेत बघितली आणि त्या रात्री घरी येऊन काडेपेट्या रिकाम्या केल्या. बाकी सगळं मुलांच्या घरात असतंच. हळद, चुना, लिंबू, कोकम, खायचा सोडा. हळदीत चुना कालवला की कुंकवाचा लाल रंग येतो, हे सावंतवाडीच्या मुलाच्या आजीने मला वर्गातच सांगितलं, मी विचारायच्या आधी.

आता सावलीचं सांगते, कारण हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

आपल्याकडे शून्य सावली दिवस बऱ्याच जणांना माहीत झालाय. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांवर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. महाराष्ट्रात मे महिन्यात हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जातो: सावंतवाडीला ४ मेच्या सुमारास, पुण्याला १३-१४ मेला, नाशिकला २० च्या आसपास, नागपूरला २६ ला. शाळांना तेव्हा सुट्टी असते. आम्हाला नसते.

नकाशा चाळताना माझ्या लक्षात आलं की सावंतवाडी आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. दोन्ही ७३.८ च्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे मध्यान्ह एकाच मिनिटाला होणार, आणि सावंतवाडीची सावली गायब होईल त्याच क्षणी नाशिकला ती असणार. ती किती आहे, एवढं मोजलं की पृथ्वीचा घेर काढता येतो. मला रात्रभर उत्साहाने काही सुचलं नाही. मुलांना मी फक्त एवढंच सांगितलं: १०० सेंटिमीटरची सरळ काठी, ओळंबा, पांढरा कागद, पेन्सिल आणि टोपी.

४ मे. दुपारचे सव्वाबारा. नाशिकच्या मुलीचा फोन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकवलेला. तिने दोऱ्याला नटबोल्टमधला नट बांधून ओळंबा केला होता आणि काठी विटांच्या खाचेत उभी करून चारही बाजूंनी तपासत होती. गवंडीकाम करणाऱ्या काकांनी तिला दाखवलं होतं, एक डोळा मिटून बघायचं. दर दोन मिनिटांनी ती सावलीच्या टोकाला खूण करत होती. खुणा सरकत होत्या, पण लांबी आता फारशी बदलत नव्हती. सावंतवाडीला घरापुढच्या खळ्यात पाइपचा तुकडा उभा होता आणि मुलगा त्याच्यासमोर उकिडवा बसला होता. बारा एकतीसला त्याची आरोळी आली, "ताई, सावली खंय गेली?"

पाइपच्या आतून बुडाशी उन्हाची गोल थाळी पडली होती. त्याने फोन वर धरून ती दाखवली. सगळी गप्प झाली. मीही.

तेवढ्यात नाशिकहून आवाज आला. "ताई, माझी सावली कुठे संपते तेच कळत नाहीये." तिने फोन कागदाजवळ नेला. काठीची सावली उत्तरेकडे पडली होती. ६.६ सेंटिमीटरपर्यंत गडद, मग राखाडी, मग आणखी फिकट, आणि ७.५ च्या पुढे स्वच्छ ऊन. मधला जवळपास एक सेंटिमीटर धड सावली नाही आणि धड ऊनही नाही.

"कुठलं धरू?"

मला उत्तर माहीत होतं आणि ते जिभेवर आलं होतं. पाचगणीचा ९६ आठवला, आणि मी गप्प राहिले. पुण्याच्या दोघींपैकी एक म्हणाली, काठी हलत असेल. नाशिकची म्हणाली, नाही हलत, बघ ना. मेलबर्नच्या मुलाने विचारलं, बोट धरलंस तर बोटाची सावली पण अशीच आहे का? तिने कागदाला लागून बोट धरलं तर कड धारदार, हात वर नेला तसतशी पुसट. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. शेवटी पाचगणीचा मुलगा म्हणाला, "सूर्य ठिपका नाहीये ना. थाळी आहे. थाळीच्या वरच्या कडेची सावली वेगळी पडणार आणि खालच्या कडेची वेगळी."

बरोबर हेच. सूर्याची थाळी आकाशात अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून मीटरभर उंचीच्या काठीच्या सावलीला नऊ मिलिमीटरची राखाडी किनार येते. मग थाळीच्या मध्याची सावली हवी असेल तर राखाडीचा मध्य धरायचा, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. तो आला ७ सेंटिमीटर, एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने.

पुढचं गणित आम्ही त्रिकोणमितीशिवाय केलं, कारण ती अजून शिकायची आहे. पुण्याच्या मुलींनी १०० सेंटिमीटरच्या दोरीने गच्चीवर खडूचं वर्तुळ काढलं. त्याचा घेर ६२८ सेंटिमीटर. ७ सेंटिमीटरचे असे किती तुकडे त्यात बसतात? जवळपास ९०. उन्हाचे किरण समांतर येतात, म्हणून काठीपाशी जो कोन झाला तोच पृथ्वीच्या पोटात नाशिक आणि सावंतवाडीमध्ये आहे. म्हणजे या दोन गावांमधलं अंतर हा पृथ्वीच्या घेराचा नव्वदावा भाग. नकाशावर सरळ रेषेत अंतर ४५३ किलोमीटर. गुणिले ९०: ४०,७७०. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे.

नाशिकची मुलगी कागद सोडायला तयार नव्हती. तिने ६.५ धरून पुन्हा गणित केलं, ७.५ धरून पुन्हा केलं. अर्ध्या सेंटिमीटरने पृथ्वी तीन हजार किलोमीटरने फुगत किंवा आकसत होती. "म्हणजे ताई, सगळी पृथ्वी त्या राखाडीत आहे," ती म्हणाली. मी ते वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

मग मी त्यांना एरॅटोस्थेनिसची गोष्ट सांगितली. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा तो प्रमुख होता. दक्षिणेला सायीनीला, म्हणजे आजच्या आस्वानला, उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य डोक्यावर येतो हे त्याला माहीत होतं. त्याच दिवशी अलेक्झांड्रियाला त्याने सावली मोजली आणि वर्तुळाचा पन्नासावा भाग काढला. अलिबागच्या मुलीने हात वर केला. "पण ताई, त्याच्याकडे तर फोन नव्हता. तिकडे सावली आत्ता गेली हे त्याला कसं कळलं?"

बावीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण पुस्तकात वाचताना तो पडतच नाही. एक डोळा सावंतवाडीच्या खळ्यावर आणि एक नाशिकच्या गच्चीवर ठेवून बसल्यावरच पडतो. त्याचं उत्तर असं की त्याला तो क्षण कळायची गरज नव्हती. प्रत्येक गावाची मध्यान्ह त्या गावच्या सावलीलाच कळते: सगळ्यात आखूड झाली की मध्यान्ह. दिवस तेवढा एकच हवा.

आणि हे ऐकताच, इतका वेळ कॅमेरा बंद ठेवून बसलेल्या नागपूरच्या मुलाने चॅटमध्ये लिहिलं: "मग माझी पण चालेल. मी १२.१० ला मोजलीय. ९.२."

तो कुणालाही न सांगता मोजत बसला होता. मी त्याला म्हटलं, कर की गणित. ६२८ भागिले ९.२, साधारण ६८.३. सावंतवाडी ते नागपूर सरळ अंतर सुमारे ८०३ किलोमीटर. गुणाकार ५४ हजार ८०० च्या पुढे गेला. थोड्या वेळाने चॅटमध्ये दोनच शब्द आले. "माझी चुकली."

वर्ग संपत आला होता. मी म्हटलं, कुणाची चुकली ते ठाऊक नाही, पण खोडू नकोस. शुक्रवारी याच्यावरच बसू. नाशिकची पृथ्वी ४० हजारांची आणि नागपूरची पृथ्वी ५५ हजारांची का?

त्या मधल्या दिवसांत आमच्या ग्रुपवर जे चाललं होतं ते वाचायला मला फार आवडलं. काठी वाकडी असेल. नागपूरला ऊन जास्त असतं. (याला नागपूरच्याने उत्तर दिलं, ऊन जास्त म्हणजे सावली लांब नाही होत.) सावंतवाडीच्या मुलाने मोजणी पुन्हा करायला सांगितली, दुसऱ्या दिवशी नागपुरात तीच पद्धत, आकडा थोडासा कमी, सूर्य तेवढा वर सरकला म्हणून. म्हणजे सावली बरोबरच होती. शुक्रवारी नाशिकच्या मुलीने ॲटलास कॅमेऱ्यापुढे धरला आणि फूटपट्टी ठेवली. "मी सावंतवाडीच्या बरोबर वर आहे. तू वर आहेस, पण खूप उजवीकडे पण आहेस."

थोडी शांतता. मग नागपूरचा मुलगा बोलला, मला वाटतं वर्षभरात पहिल्यांदाच आपणहून. "सावलीला उजवीकडचं कळत नाही. फक्त वरखाली कळतं."

मग त्यांनी असं गाव शोधलं जे नागपूरच्या सरळ पश्चिमेला आहे आणि सावंतवाडीच्या सरळ उत्तरेला. ॲटलासवर दोन रेघा ओढल्या, त्या नवापूरपाशी भेटल्या. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर, ज्याचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. हे नागपूरच्या मुलाला पाठ होतं, आगगाड्यांचा त्याला नाद आहे. सावंतवाडी ते नवापूर ५८२ किलोमीटर. ६८.३ ने गुणलं. ३९ हजार ७०० च्या थोडं वर.

"आणि राहिलेलं अंतर?" मी विचारलं. "तू उजवीकडे आहेस ते कुणाला कळलं?"

त्याने फार वेळ घेतला नाही. "घड्याळाला. माझी सावली १२.१० ला आखूड झाली, त्यांची १२.३१ ला." पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. एकवीस मिनिटं, सव्वापाच अंश. ॲटलासात बघितलं तर दोघांच्या रेखांशांत तेवढाच फरक. कॅमेरा त्याने तेव्हाही लावला नाही. शाळेत असताना अशा मुलाला मी उभं करून बोलायला लावलं असतं. आता मी वाट बघते, आणि मला खात्री वाटते की शाळेतही तशीच बघायला हवी होती.

या वर्गाला काय जमत नाही तेही मला दिसतं. अमोनियाचा वास स्क्रीनमधून येत नाही. मुलगी कोनमापक उलटा धरते तेव्हा हात पुढे करून तो सरळ करता येत नाही, शब्दांनी करावा लागतो, आणि कधीकधी शब्द पुरत नाहीत. पावसाळ्यात कोकणात लाईट गेली की दोन चौकटी एकदम काळ्या होतात. मुलं एकमेकांना वर्षातून एकदाच भेटतात आणि त्या दोन दिवसांत इतकी बोलतात की मला कळतं, उरलेल्या वर्षात त्यांना किती कमी पडतं. आयांना मी हे लपवत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तळ्यातल्या पाण्याचा थेंब बघताना शेजारच्याला कोपराने ढोसून "हे बघ, हे बघ" म्हणता येणं, याला पर्याय मला सापडलेला नाही. त्यासाठी आईवडिलांनी, भावंडांनी, शेजारच्या मुलांनी शेजारी बसायला हवं, आणि मी ते आता हक्काने मागते.

पण अंतर हे नुसतं गैरसोय असतं, असं मी आता मानत नाही. कार्तिक शुद्ध अष्टमीला मी सगळ्यांना संध्याकाळी दिवेलागणीला अर्धा चंद्र काढायला सांगितला. इथल्या सगळ्यांच्या चंद्राची उजवी बाजू उजळलेली. मेलबर्नच्या मुलाची डावी. "तू आरशातला काढलास का?" पुण्याची एक म्हणाली. तो रडवेला झाला, मी दोनदा बघून काढलाय म्हणाला. मी विचारलं, चंद्र बघताना तुझं तोंड कुठल्या दिशेला होतं? उत्तरेला. आणि तुमचं? दक्षिणेला. मग प्रत्येक जण आपापल्या खोलीत उभं राहून, पश्चिमेकडे हात करून, गर्रकन वळून बघायला लागलं. तो सबंध पाच मिनिटांचा वर्ग मला पाठमोऱ्या मुलांचाच दिसला.

जयंत नारळीकर मुलांना नुसती सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासोबत सही येईल, असं सांगत. मी त्यांच्याकडून एवढंच उचललं आहे: दर आठवड्याला प्रत्येकाने मला एक प्रश्न पाठवायचा, कार्डावर, टपालाने. उत्तर मात्र मी देत नाही. कार्ड वर्गात वाचते आणि कुणाच्या घरी ते तपासता येईल ते विचारते.

या आठवड्यात पाचगणीहून कार्ड आलंय. जुळी भावंडं दिवाळीत पसरणी घाट उतरून वाईला मावशीकडे गेली होती, थर्मामीटर बरोबर घेऊन. वाईला पाणी ९७ आणि ९८ च्या मधे उकळलं. तो बिंदू त्यांनी आपल्या जुन्या आलेखावर घातलाय, कागद घडी घालून घालून मधे फाटलाय, त्याचा फोटोही नंतर आला. खाली प्रश्न आहे: महाराष्ट्रात सगळ्यात कमी तापमानाला पाणी कुठे उकळेल?

मी तो शुक्रवारी वाचला. कळसूबाई, १६४६ मीटर, साडेचौऱ्याण्णवच्या आसपास यायला हवं, हे त्यांनी त्या रेघेवरूनच काढलं. बारी गावातून वर जायला सगळ्यात जवळ नाशिकची मुलगी आहे. तिचे काका डिसेंबरात न्यायला तयार आहेत. अलिबागची त्याच वेळी समुद्रकाठी पाणी ठेवणार. स्टो कोण देणार, पातेलं किती मोठं, यावर आत्ता ग्रुपवर चर्चा चाललीय. नाशिकचा शेवटचा मेसेज तासाभरापूर्वीचा आहे: "वर वारा खूप असतो. स्टोभोवती काय लावू, जे जळणार नाही आणि पाठीवर नेता येईल?"